कुरकुरीची सुगी

ऑक्टोबरात दौंडच्या माणसाला दुपारी पंखा लागतो, संध्याकाळी छत्री लागते आणि पहाटे गोधडी लागते. पंखा लावावा तर वीज गेलेली असते, छत्री गणपतीत कुणीतरी नेलेली असते आणि घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या घट बसायच्या आधीच्या धुण्यात कालव्याच्या काठावर वाळत पडलेल्या असतात. नदीपलीकडच्या शिरूरची गत वेगळी नाही. पंचांग ज्याला शरद म्हणतं, त्या आश्विन-कार्तिक या दोन महिन्यांत घोड आणि भीमेच्या काठचा माणूस जितकी कुरकूर करतो, तितकी उरलेल्या दहा महिन्यांत मिळूनही करत नाही. पाऊस गेला म्हणून कुरकूर, गेलेला परत आला म्हणून कुरकूर, ऊन तापलं म्हणून आणि ते पडलं नाही तर कणसं वाळायची कशी म्हणून. बाहेरचा माणूस हे ऐकून समजतो की इथली मंडळी या दिवसांत भलतीच गांजलेली असतात. ही समजूत साफ चुकीची आहे. शिरूर-दौंडचा माणूस वर्षभरात सर्वांत सुखी असतो तो याच दोन महिन्यांत, आणि त्याची कुरकूर हाच त्याच्या सुखाचा पुरावा, असं या लेखाचं म्हणणं आहे. विधान धाडसाचं आहे, मान्य. पण लेख लिहायला बोअर घेण्याइतका खर्च येत नाही, आणि पाणी लागलं नाही तरी लेखक बुडत नाही. त्यामुळे असलं धाडस आम्हा लिहिणाऱ्यांना परवडतं.

आधी आजवरचे साक्षीदार तपासू. शरदाची वकिली परंपरेनं कवींकडे आहे. कालिदासानं ‘ऋतुसंहारा’त शरदाला नव्या नवरीच्या रूपात आणलं, तिला काशाच्या पांढऱ्या फुलांचं वस्त्र नेसवलं, पायांत हंसांच्या आवाजाचे पैंजण घातले. वर्णन झकासच आहे. फक्त ते राहू बेटात नेऊन ताडून पाहिलं की पंचाईत होते. पुण्याहून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि पावसाळी पाणी ओसरलं की तिथली नदी निवळत नाही, जलपर्णीखाली जाते. जलपर्णीला जांभळी फुलं येतात आणि ती खरोखर देखणी असतात. पुण्याची पाहुणे मंडळी पुलावर गाडी उभी करतात, फोटो काढतात आणि म्हणतात, “काय सुंदर कमळं आहेत हो तुमच्याकडं!” त्यावर काठावरचे तात्या शांतपणे सांगतात, “आमची न्हाईत ती. तुमचंच सांडपाणी फुललंय.” काशाच्या फुलांचंही तेच. काश आणि ऊस हे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं अगदी जवळचे भाऊबंद. एकाला पांढरा तुरा आला की तो काव्यात जातो. दुसऱ्याला आला की उसाचं वजन आणि साखर घटते आणि मालकाच्या कपाळाला आठी पडते. भाऊबंदांत एकाचं भलं झालं की दुसऱ्याला ते खुपतं, हे शेतात असं डोळ्यांनी दिसतं.

कालिदासाचं सोडा, तो उज्जैनीकडचा मानला जातो. आमच्या मराठी लेखकांची साक्ष तरी घ्यावी, तर ती त्याहून पोकळ. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शरदाचं चांदणं ही मराठी साहित्याची हमखास पेठ झाली. पण दिवाळी अंकाचा मजकूर संपादकाला श्रावण सरायच्या आत हवा असतो. म्हणजे शरदावरचं बहुतेक मराठी लेखन ओल आलेल्या भिंतीकडे तोंड करून, अंगावर न वाळलेला सदरा घालून आणि खिडकीबाहेर पाऊस कोसळत असताना झालेलं आहे. निरभ्र आकाश लेखकाला त्या दिवसांत दिसत नसतं, मानधन तेवढं दिसत असतं, आणि तेही निरभ्रच निघतं. ऋषिमुनी त्या मानानं वास्तववादी. त्यांनी शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद दिला. आयुष्य मोजायला त्यांना वसंत सापडला नाही असं नव्हे. जो ऑक्टोबरमधून धड निघाला त्याच्या खात्यावर एक वर्ष जमा करायला हरकत नाही, इतका साधा हिशोब त्यामागं असावा. तेव्हा कवी आणि लेखक यांची साक्ष बाद धरून पारावरच्या माणसाकडे वळलेलं बरं.

पारावरचा पहिला विषय पाऊस. शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. सह्याद्रीवरून येणारे ढग इथवर पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात, म्हणून जून-जुलैत इथं वारा जास्त आणि पाऊस कमी. वर्षाचा खरा पाऊस सप्टेंबरात आणि परतीच्या वाटेवर पडतो. दौंड स्टेशनात पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन काढून मागच्या टोकाला लावतात आणि गाडी आली त्याच तोंडानं उलटी निघते. तसा हा पाऊसही येताना दुर्लक्ष करतो आणि जाताना सगळ्यांची विचारपूस करून जातो. कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या दौंडला वळसा घालतात, ती युक्ती अजून पावसाला सुचलेली नाही एवढंच. या पावसाचा अंदाज घ्यायला माणसाजवळ तीन साधनं असतात. पहिलं पंचांग: त्यात उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती यांची वाहनं दिलेली असतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर जोराचा पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. दुसरं मोबाइल, त्यात ढगाचं चित्र आणि टक्केवारी येते. तिसरं साधन शेजारचे नाना, ते गुडघ्यावरून सांगतात. तिघांचं एकमत कधी होत नाही, आणि झालंच तर ते तिघंही चुकतात. चित्राचं वाहन मेंढा निघालं म्हणून बाजरी कापून शेतात पसरावी, तर तिसऱ्या दिवशी मेंढ्याच्या पाठीवर हत्ती बसून येतो.

आता त्या पावसानंतरचा संवाद ऐका. “काय नाना, कणसं भिजली म्हणं?” “भिजली? कोंब आलं! काळी पडली सगळी. औंदा काय खरं न्हाई.” हे बोलत असताना नानांच्या हातात नव्या बाजरीची गरम भाकरी असते, तिच्यावर लोण्याचा गोळा असतो आणि बाजूला ठेचा असतो. पापुद्रा हातानं उचलून, वाफ जाऊ देऊन, त्यात बोट फिरवत ते सांगतात की यंदा खायलासुद्धा दाणा उरणार नाही. दुसरी भाकरी वाढायला काकी येतात तेव्हा ते हात आडवा धरतात, पण बोटं फाकवून धरतात, म्हणजे भाकरी मधून जाईल. ‘औंदा काय खरं न्हाई’ हे विधान तर तपासण्याजोगं आहे. ते माणसं समजायला लागल्यापासून दरवर्षी ऐकत आलेली आहेत. कोणतंच साल खरं नसेल तर एव्हाना दोन्ही तालुके नकाशावरून पुसले जायला हवे होते. उलट दरवर्षी इथं नव्या ट्रॅक्टरला हार पडतो, आणि हार घालणारा म्हणतो, “घेतलाय खरा, पण फेडायचा कसा?” ट्रॅक्टरवर झेंडूची माळ, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि तोंडात चिंता, असा हा सोहळा असतो. चिंतेशिवाय तो अपुरा वाटतो; पेढा नसला तरी चालतं.

कांदा आणि झेंडू यांची साक्ष याहून बळकट आहे. उन्हाळी कांदा चाळीत भरलेला असतो आणि सगळा पावसाळा त्याच्या शेजारी बसून काढलेला असतो. शरदात चाळ उघडायची वेळ येते. भाव पडलेला असला तर विकायचा नाही, कारण भाव पडलाय. भाव चढलेला असला तरी विकायचा नाही, कारण आणखी चढेल. मधल्या काळात चाळीतून जो वास येऊ लागतो त्याच्याबद्दल घरात कुणी बोलायचं नसतं. अखेर एका पहाटे शेजारचे अण्णा गुपचूप पिकअप भरून चाकणला जातात. अण्णांना चांगला भाव मिळाला तर गाव म्हणतं, “घाई केली, अजून मिळाला असता.” कमी मिळाला तर गाव म्हणतं, “आम्ही म्हणतच होतो.” दोन्ही वेळेला गावाचा दिवस मजेत जातो. झेंडूचं नाटक एका दिवसात संपतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडू सोन्याच्या भावानं असतो, दसऱ्याच्या सकाळी आपट्याच्या भावानं आणि दुपारनंतर नगर रस्त्याच्या कडेला ढिगानं. आदल्या रात्री चढ्या भावानं घेणारा संध्याकाळी तो ढीग पाहून हळहळतो, आणि विकणारा त्याच ढिगाकडं पाहून हळहळतो. एकाच ढिगावर दोघांना हळहळता येतं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या ऋतूत नाही.

मग येतो ऊस. गाळपाचा मुहूर्त सरकार ठरवतं आणि तो साधारण मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर यांच्या दरम्यान पुढं-मागं होत राहतो. त्याआधी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होतं. पाटस, आलेगाव, पाटेठाण अशा गावांत कारखाने आहेत आणि या दिवसांत त्यांच्या निमंत्रणपत्रिका लग्नाच्या पत्रिकांना मागं टाकतात. बॉयलर दहा मिनिटांत पेटतो, भाषणं दोन तास पेटत नाहीत. एरवी वर्षभर घरच्या उसात उभं राहून उसाकडे ढुंकून न पाहणारी पोरं पहिली ट्रॉली दिसली की दप्तरं टाकून मागं धावतात आणि कांडं ओढतात. स्वतःच्या शेतातल्या उसाला चोरीचा गोडवा नसतो, हे त्यांना न शिकवता कळलेलं असतं. थोरांची धावपळ वेगळी. त्यांना तोड हवी असते आणि तोडीचा देव म्हणजे कारखान्याचा चिटबॉय. एरवी ज्याला कुणी बस म्हणत नाही अशा या पंचविशीतल्या पोराला शरदात गावोगाव ‘साहेब’ म्हणतात. त्याला चहा पाजावा तर तो नुकताच घेतलेला असतो, न पाजावा तर त्याच्या लक्षात राहतं. “साहेब, आमची तारीख होऊन गेली की!” “बघू, टोळी कमी हाय.” या एका ‘बघू’वर माणूस पंधरा दिवस काढतो. मुकादमानं उचल घेतली आणि टोळी आलीच नाही, ही तक्रार तर इतकी परिपूर्ण आहे की तिच्यात काही भर घालावी असं कुणालाच वाटत नाही. लोक ती नुसती ऐकतात आणि माना हलवतात.

चौफुल्यापासून न्हावऱ्याकडे जाणारा रस्ता या दिवसांत संध्याकाळी गाठावा. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, वर गाणं असं की स्पीकर आधी घेतला आणि ट्रॅक्टर नंतर जोडला असावा. मागची मोटार भोंगा वाजवते, तो गाण्यात जिरतो. उजवीकडून पुढं जावं तर समोरून बैलगाडी, डावीकडं कोप्यांपुढं चुली पेटलेल्या. वैताग येतो, शंका नाही. पण त्याच रस्त्यावर केडगावच्या अंगाला गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. काहिलीत रस उकळत असतो, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढली जाते, आणि काकवीचा वास मोटारीच्या काचा बंद असल्या तरी आत येतो. चुलाणात चिपाडाऐवजी भलतंच काही घातलं असलं तर तोही वास येतो. दोन्ही वास एकाच धुराड्यातून निघतात, त्यामुळे घ्यायचा तर दोन्ही घ्यावा लागतो. मोटारवाला गाडी थांबवतो, गरम गुळाचा खडा जिभेवर ठेवतो, जीभ भाजते, तो ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देतो आणि घरी न्यायला दोन ढेपा घेतो. वैताग आणि गूळ यांची वजाबाकी करायची म्हटली तर ती जमत नाही, कारण गूळ मिळाला तो ट्रॅक्टरनं वेग कमी करायला लावला म्हणून.

शहरातून सुट्टीला येणाऱ्या मंडळींना मात्र ही वजाबाकी हवीच असते. त्यांना नुसतं सुख पाहिजे असतं, आणि म्हणून त्यांची सर्वांत जास्त फजिती होते. शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली हे गाव चिंचा आणि मोर यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. दिवाळीच्या सुट्टीत लोक तिथं पिसारा फुलवलेला मोर पाहायला येतात. पण मोराचा विणीचा हंगाम पावसाळ्याबरोबर सरतो आणि त्यानंतर त्याचा पिसारा गळतो. नवा पुरता यायला काही महिने जातात. नेमक्या ऑक्टोबरात मोर मागून मोकळा झालेला असतो. “अहो, ही तर लांडोर आहे!” “मोरच हाय साहेब, कपडे धुवायला टाकलेत.” मुलं रडतात, वडील हुरड्याची चौकशी करतात, तर हुरडा अजून पेरणीत असतो. मग ठरतं की रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन परत फिरावं, तर मोबाइल बिनचूक रांजणगाव सांडसला नेऊन सोडतो. तालुका एक, रांजणगावं दोन. गणपती एका ठिकाणी आणि पाहुणे दुसऱ्या. शेवटी निदान गवतात बसून डबा तरी खाऊ म्हणतात. गवत लांबून सोनेरी दिसतं. जवळ गेल्यावर त्याची कुसळं पायमोज्यांत शिरतात, आणि कुसळाची रचनाच अशी की ते शिरतं पण निघत नाही. उपटायला जावं तर शेपटी हातात येते आणि टोक आतच राहतं. पुण्यात परतल्यावर दोन दिवस ती मंडळी एकेक कुसळ काढत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की गावाकडची हवा काय वर्णावी. तिसऱ्या दिवसापासून हीच सहल त्यांच्या आठवणीत उत्तम झालेली असते. म्हणजे सिद्धान्त शहरवाल्यांनाही लागू पडतो. त्यांना तो उशिरा कळतो एवढंच.

कोजागिरीची रात्र या बाबतीत निर्णायक म्हणावी. लक्ष्मी त्या रात्री कोण जागं आहे हे पाहत हिंडते अशी श्रद्धा आहे. शिरूर-दौंडात तिला फार हिंडावं लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा आणि कधी रात्री असा फेरा असतो, त्यामुळे निम्मी माणसं तशीही मोटार चालू करायला जागीच असतात. गच्चीवर दूध आटवायला ठेवलेलं असतं, त्यात केशर पडतं, वेलदोडा पडतो, आणि दिवा लावला की हिरवी पाखरंही पडतात. दिवा विझवला तर पाखरं थांबतात, पण मग दुधात काय आहे ते दिसत नाही. बहुतेक घरं न दिसण्याचा पर्याय निवडतात. चंद्र कधी नव्हे इतका स्वच्छ असतो, डासही कधी नव्हेत इतके असतात. पहिला पेला तोंडाला लागतो तोच फोन येतो, “आबा, लाइट आली!” आबा उठतात, बॅटरी घेतात, विजेच्या वेळापत्रकाला नावं ठेवत चांदण्यातून बांधानं निघतात. मोटार चालू होते, पाइपातून पाणी फुटतं, सरीत चंद्राचे तुकडे होतात, आणि आबा तिथंच उकिडवे बसून अर्धा तास काहीही न करता पाहत राहतात. परत आल्यावर विचारलं तर म्हणतात, “कशाची कोजागिरी? आमचं नशीबच फुटकं.”

यावर पहिला आक्षेप असा येईल की कुरकूर हा माणसाचा बारमाही स्वभाव आहे, त्यात ऋतूचं काय? या आक्षेपाला उत्तर द्यायला बाकीचे महिने पाहावेत. वैशाखात शिरूरच्या पाबळ-कान्हूर मेसाईकडच्या पट्ट्यात टँकरची वाट पाहणारा माणूस कुरकुरत नाही; तो सावलीला बसतो आणि बोलणं वाचवतो. जूनमध्ये पावसाला नावं ठेवायची कुणाची छाती नसते, कारण तो ऐकेल आणि रागावेल. जानेवारीत ज्वारी निसवलेली, ऊस चाललेला, बोलायला सवडच नसते. नीट कुरकूर करायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: विहिरीला पाणी, हाताला थोडी सवड आणि येऊ घातलेले पण अजून न आलेले पैसे. या तिन्ही गोष्टी एका वेळी फक्त शरदात असतात. पैसे आल्यावर माणूस हिशोब करतो आणि पैसे न येण्याची खात्री झाली की गप्प बसतो. कुरकूर पिकते ती या दोन्हींच्या मधल्या वाफ्यात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अतिवृष्टीत शेत वाहून जातं, ते काय कुरकुरीचं निमित्त? पिंपरखेडच्या परिसरात बिबट्यानं माणसं मारली, तिथं हा विनोद चालेल का? नाही चालणार, आणि चालवूही नये. पण नेमका इथंच आमच्या म्हणण्याला आधार मिळतो. खऱ्या संकटात इथला माणूस पारावर कुरकुरत बसत नाही. तो एक तर रस्त्यावर उतरून गाड्या अडवतो किंवा मुकाट होतो. १९७२ च्या दुष्काळाबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा. ‘मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली,’ एवढ्यात ते वर्ष संपतं. तेच आजोबा गेल्या कार्तिकात भिजलेल्या कडब्याच्या दोन पेंढ्यांवर तासभर बोलतात. मोठं दुःख तीन वाक्यांत आटोपतं. लहानसहान गैरसोय फुलवून सांगायला मात्र मन निवांत असावं लागतं. तेव्हा कसोटी सोपी आहे. जी तक्रार चहा पिता पिता सांगता येते आणि मध्ये थांबून ‘साखर कमी झालीय’ म्हणता येतं, ती सुखाची तक्रार. जिच्यापुढं चहा गार होतो, ती निराळी. तिथं हा लेख मिटून ठेवावा.

तिसरा आक्षेप डॉक्टर घेतील. आश्विनातल्या उन्हानं पित्त खवळतं, डासांनी ताप येतात, दवाखाने भरतात. याला सुख कसं म्हणायचं? मुद्दा जुना आहे. पूर्वीच्या वैद्यांनी तर शरद ऋतूला आपली आई मानलं होतं, इतकी ती त्यांना पोसत असे. पण दवाखान्याच्या बाकड्यावरची मंडळी जरा पाहावीत. सलाइन लावून पडलेल्या तात्यांना भेटायला अर्धं गाव येतं, प्रत्येक जण शहाळं आणतो आणि आपल्याला गेल्या वर्षी याहून मोठा ताप होता असं सांगतो. तात्यांना ताप असतो एकशे एक. दुसऱ्या दिवशी पारावर तो एकशे तीन होतो आणि भाऊबीजेपर्यंत एकशे पाचावर जातो. आजार बरा होऊनही वाढत राहतो, असं वैद्यकात दुसरं उदाहरण नसेल.

राहिला शेवटचा आणि चलाख आक्षेप. माणूस सुखी असेल तर सरळ तसं म्हणत का नाही? कारण तसं म्हणणं परवडत नाही. पीक बरं आहे म्हटलं की दृष्ट लागते. ही झाली बायकामाणसांची भीती, पुरुषांची त्याहून मोठी असते. सोयाबीन साधलं म्हटलं की पतसंस्थेचा माणूस दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला घरी येतो. चारा भरपूर आहे म्हटलं की पाहुणे दोन म्हशी सांभाळायला पाठवतात. कांद्याचे पैसे झाले म्हटलं की मेव्हण्याच्या मुलाच्या लग्नाची तारीख निघते. या तालुक्यांत सुख उघड्यावर ठेवायची पद्धत नाही. त्यावर कुरकुरीची ताडपत्री घालून ते झाकून ठेवतात आणि चारी बाजूंनी दगड ठेवतात. गंमत अशी की प्रत्येकाच्या खळ्यावर तीच ताडपत्री असल्यानं आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. “यंदा बुडालोच,” एक म्हणतो. “तुम्ही तर तुम्ही, मी पण,” दुसरा म्हणतो. दोघांनाही परस्परांचा भाव, वजन आणि हप्ता रुपयापर्यंत माहीत असतो. मग दोघं मिळून भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा फोडतात, टरफलांचा ढीग करतात आणि शेतीत काही राहिलं नाही यावर एकमत करतात.

तेव्हा नगर रस्त्यानं किंवा सोलापूर रस्त्यानं आश्विन-कार्तिकात या बाजूला येणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची सूचना. कुणी “काय सांगायचं आता तुम्हाला,” अशी सुरुवात केली तर घड्याळ पाहू नये. बसावं, चपला काढाव्यात, चहाला नाही म्हणू नये आणि मधूनमधून “अरेरे” म्हणावं. उपाय सुचवू नये. पीकविमा, ठिबक, कृषी अधिकारी असले शब्द काढले की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण तक्रार सोडवून टाकणारा पाहुणा म्हणजे पानात वाढलेलं उचलून नेणारा. उठताना आपलीही एखादी तक्रार सोडून जावी, म्हणजे परतफेड होते. पुण्यातली वाहतूक त्या कामी उत्तम चालते. आणि एखादा भेटल्या-भेटल्या हसून “एकदम मजेत, काही अडचण नाही,” म्हणाला, तर समजावं की तो एक तर निवडणुकीला उभा आहे, नाहीतर पाव्हणा आपल्याकडून काहीतरी उसनं मागायच्या बेतात असल्याचा त्याला वास आलेला नाही.